विभागीय चौकशीत स्टेनोचं पार्टटाइम काम: मुंबईत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

"मॅटमध्ये पार्टटाइम स्टेनो लागतो का हो?" असा फोन मला अधूनमधून येतो. विचारणारी मुलगी बहुधा नुकतीच शॉर्टहँडची शंभरची, म्हणजे मिनिटाला 100 शब्दांची, परीक्षा पास झालेली असते. भरतीची जाहिरात निघेपर्यंत हात चालू राहावा आणि चार पैसे सुटावेत एवढीच तिची अपेक्षा. मी तिला सांगते, काम आहे, पण तू चुकीचं दार ठोठावते आहेस.

महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे आपलं मॅट, 1991 साली सुरू झालं. बदली, बढती, निलंबन, शिक्षा याविरुद्ध राज्य सरकारी कर्मचारी इथे दाद मागतो. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, ते 1985 पासूनचं, आणि त्याचंही खंडपीठ मुंबईत आहे. दोन्हीकडे आदेश डिक्टेट होतात, पण ते घेणारे लघुलेखक तिथल्याच आस्थापनेवरचे असतात. बाहेरचा माणूस वही घेऊन आत बसत नाही. शिवाय 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याचं कलम 22 सांगतं की अर्जाचा निकाल साधारणपणे कागदपत्रं आणि लेखी म्हणणं बघून, तोंडी युक्तिवाद ऐकून द्यायचा. म्हणजे तिथे सहसा साक्षीदार तपासले जात नाहीत, आणि वकिलांचे युक्तिवाद शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायची तिथे पद्धत नाही. परदेशी मालिकांत न्यायाधीशासमोर छोट्या यंत्रावर बोटं चालवणारी बाई दिसते ना, ती नरिमन पॉइंटला, मॅटमध्ये, शोधू नका.

मग साक्षी होतात कुठे? विभागीय चौकशीत, म्हणजे खातं आपल्याच कर्मचाऱ्यावरच्या आरोपांची जी चौकशी करतं, तिथे. कुठल्याशा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, रेकॉर्डच्या कपाटांनी निम्मी भरलेली खोली, एक टेबल, पाच-सहा खुर्च्या आणि डोक्यावर आवाज करणारा पंखा. इथे जो कागद तयार होतो, तोच पुढे अपिलात जातो, मॅटमध्ये जातो, तिथून उच्च न्यायालयात जातो. वरची सगळी मंडळी तोच कागद वाचून भांडतात. तो कागद उतरवणारा माणूस मात्र बऱ्याचदा सापडत नाही, आणि तिथेच तुमची गरज लागते.

आधी प्रकरणाची वाट समजून घ्या

कायद्याची पदवी लागत नाही, पण कोण कुठे बसतो हे कळल्याशिवाय खोलीत पाऊल टाकू नका. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 लागू होतात. मोठी शिक्षा द्यायची असेल तर त्यातल्या नियम 8 प्रमाणे रीतसर चौकशी करावी लागते. ज्याच्यावर आरोप आहेत तो "अपचारी". हा शब्द कानाला कसातरीच लागतो, पण कागदावर तोच चालतो. खात्याची बाजू मांडतो तो सादरकर्ता अधिकारी. अपचाऱ्याच्या मदतीला बचाव सहायक. हा बहुतेक वेळा दुसरा एखादा कर्मचारी किंवा निवृत्त माणूस असतो. वकील सरसकट आणता येत नाही, सादरकर्ता स्वतः कायद्याचा माणूस असेल किंवा तशी परवानगी मिळाली असेल तरच. आणि या सगळ्यांच्या मध्ये चौकशी अधिकारी.

दोषारोपपत्राला चार जोडपत्रं असतात: दोषारोप, त्यांचं विवरण, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. तुमच्या दृष्टीने शेवटची दोन सोन्याची. ती आदल्या दिवशी मागून घ्या. त्यात सगळी नावं, हुद्दे, गावं, आदेशांचे क्रमांक असतात. ते लॅपटॉपमध्ये आधीच टाकून ठेवले आणि लांबलचक हुद्द्यांना दोन-तीन अक्षरी संक्षेप लावून ठेवले, की "उपअभियंता, सार्वजनिक बांधकाम उपविभाग" दिवसातून चाळीस वेळा टाइप करावं लागत नाही.

शिक्षेचा आदेश निघाला की कर्मचाऱ्याला अपिलासाठी 45 दिवस असतात. अपिलावर निर्णय झाला की मॅटमध्ये यायला एक वर्ष. अपील सहा महिने नुसतंच पडून राहिलं तरी मॅटचा रस्ता मोकळा होतो, मग वर्ष त्या सहा महिन्यांनंतर मोजायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या एल. चंद्रकुमार निकालापासून मॅट आणि कॅटच्या निर्णयांना उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे आव्हान देता येतं. या मुदती तुम्हाला पाठ कशाला हव्यात, ते शेवटी सांगते.

मुंबई महापालिकेचे कर्मचारी मॅटमध्ये येत नाहीत, त्यांची वाट वेगळी. खासगी शाळांच्या शिक्षकांचंही वेगळं: 1977 च्या कायद्याप्रमाणे त्यांचं अपील 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे जातं. पण चौकशीच्या खोलीतलं काम सगळीकडे जवळपास सारखंच. बँका, महामंडळं, गोदी, विमा कंपन्या, शाळा, सगळीकडे साक्षीदार येतो, बोलतो आणि कुणीतरी ते लिहून घेतो. मुंबईत अशा संस्थांची मुख्य कार्यालयं इतकी आहेत की फक्त मंत्रालयाच्या आसपास घिरट्या घालायची गरज नाही.

हातात काय असायला हवं

सरकारी भरतीचे निकष तुम्हाला माहीत असतील: लघुटंकलेखकाला 80, निम्नश्रेणी लघुलेखकाला 100, उच्चश्रेणीला 120 शब्द प्रति मिनिट, शिवाय मराठी 30 आणि इंग्रजी 40 चं टायपिंग. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची प्रमाणपत्रं जवळ असली तर चौकशी अधिकाऱ्याला बरं वाटतं. पण खासगीत काम देताना प्रमाणपत्र कुणी फारसं निरखून बघत नाही. पहिल्या तारखेला तुम्ही किती वेळा "सर, परत सांगाल का?" म्हणता, ते बघतात.

माझं प्रामाणिक मत असं आहे की या कामात शॉर्टहँडपेक्षा थेट मराठी टायपिंग जास्त लागतं. चौकशी अधिकारी साक्षीदाराचं बोलणं ऐकतो, मनात जुळवतो आणि वाक्य डिक्टेट करतो. तो वेग तुमच्या बोटांना झेपतो. पण उलटतपासणीत प्रश्न, उत्तर, हरकत आणि हरकतीवरची हरकत एकदमच येते. तेव्हा लॅपटॉप बाजूला सारून वही ओढावी लागते. म्हणून शॉर्टहँड येत असेल तर सोडू नका. येत नसेल तर आधी मराठी टायपिंग 40 च्या वर न्या. 30 ची परीक्षा पास झालात म्हणजे 30 च्या वेगाने तीन तास टाइप करता येतं असं नाही.

टायपिंग युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर. जुन्या श्रीलिपीच्या फाँटवर हात बसलेले लोक अजून आहेत, पण त्यांची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांची भेळ होते. छापायच्या आधी पीडीएफ करा, म्हणजे कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर फाँट नाही म्हणून रडायची वेळ येत नाही. कार्यालयाच्या मशीनला लावायला पेनड्राइव्ह वेगळाच ठेवा, ज्यात दुसरं काहीही नसेल. त्या मशीनमध्ये व्हायरस असतोच असं धरून चाला.

एक्स्टेंशन बोर्ड न्या. हसू नका. सरकारी खोलीत प्लग पॉइंट नेहमी कपाटामागे असतो. कागदाचं अर्धं रीम, दोन निळी पेनं, स्टेपलर, पाण्याची बाटली. प्रिंटर तिथला चालतो का, हे आदल्या दिवशी फोनवर विचारा. "आहे" म्हणाले तर "टोनर आहे का?" हेही विचारा.

काम मिळवायचं कसं

राज्यात निवृत्त अधिकाऱ्यांना कंत्राटी पद्धतीने चौकशी अधिकारी नेमतात. त्यांना प्रकरणामागे मानधन मिळतं, पण हाताखाली कार्यालय नसतं. शिपाई नाही, स्टेनो नाही. साक्षी उतरवून घ्यायला त्यांना कुणीतरी लागतंच. माझं अर्ध्याहून अधिक काम अशा चार-पाच साहेबांकडून येतं. पहिल्या साहेबांपर्यंत पोहोचणं हीच खरी अडचण. तिथे दोन मार्ग उपयोगी पडतात.

एक, सर्व्हिस मॅटर, म्हणजे नोकरीविषयक प्रकरणं, चालवणारे वकील. फोर्ट, चर्चगेट, नरिमन पॉइंट या पट्ट्यात त्यांची ऑफिसं आहेत. त्यांच्याकडे मूळ अर्ज टाइप करणं, प्रतिज्ञापत्रं, पुसट झालेल्या हस्तलिखित जबाबांच्या टंकलिखित प्रती काढणं, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर हे काम कायम तुंबलेलं असतं. तिथे दोन-तीन महिने करा. दुसऱ्यांनी उतरवलेले शे-दोनशे जबाब नजरेखालून गेले की चांगला जबाब कसा दिसतो आणि वाईट जबाबाने वकिलाच्या कपाळाला किती आठ्या पडतात, ते आपोआप कळतं. याहून चांगलं शिक्षण कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये मिळणार नाही.

दुसरा, फोर्टातले जुने टायपिस्ट. त्यांच्याकडे झेपेल त्यापेक्षा जास्त काम येतं, आणि आता वयामुळे डोंबिवली-विरारहून रोज येणं त्यांना जमत नाही. त्यांच्याशी नीट बोला. काका, मावशी म्हणा, चहा पाजा, आणि त्यांच्या गिऱ्हाइकाला परस्पर आपला नंबर देऊ नका. ही मंडळी एकमेकांना ओळखतात. एकदा नाव खराब झालं की बोरीबंदर ते मंत्रालय सगळीकडे होतं.

तारखेच्या दिवशी

अर्धा तास आधी पोहोचा. लोकल उशिरा आली हे मुंबईत कुणीही समजून घेतं, पण तेवढ्यात साक्षीदार कंटाळून निघून गेला तर ती तारीख वाया गेल्याचं खापर तुमच्यावर फुटतं. आधी रोजनामा उघडा. आज कोण हजर, कोण गैरहजर, कुणाचा अर्ज आला, काय ठरलं, पुढची तारीख कोणती. रोजनामा हा सगळ्यात कंटाळवाणा कागद, आणि पुढे वाद झाला की सगळ्यात आधी तोच उघडतात. अपचारी म्हणतो मला नोटीस मिळालीच नव्हती, खातं म्हणतं मिळाली होती. रोजनाम्यावर त्याची सही असली तर विषय संपतो.

मग जबाब. वर प्रकरणाचा क्रमांक, साक्षीदार क्रमांक, नाव, वय, हुद्दा, तारीख आणि साक्ष सुरू झाल्याची वेळ. आधी सादरकर्ता अधिकाऱ्याने घेतलेली सरतपासणी, मग बचाव सहायकाने घेतलेली उलटतपासणी, लागली तर सादरकर्त्याची पुन्हा फेरतपासणी, शेवटी चौकशी अधिकाऱ्याचे स्वतःचे प्रश्न. प्रत्येक भागाला स्वतंत्र मथळा द्या. हे सरमिसळ झालं की वर कुणालाच कळत नाही कुठलं उत्तर कुणाच्या प्रश्नाचं. जबाब संपला की वाचून दाखवायचा, दुरुस्त्या करायच्या, प्रत्येक पानावर साक्षीदाराची सही आणि शेवटी सगळ्यांच्या सह्या. हाताने केलेल्या प्रत्येक खाडाखोडीशेजारी छोटी सही. "पान 3 पैकी 1" असं लिहायला विसरू नका. सुटी पानं नंतर बदलली गेल्याचा आरोप नवा नाही.

सगळ्यांचे साक्षीदार संपल्यावर, अपचाऱ्याने स्वतः साक्ष दिली नसेल तर चौकशी अधिकाऱ्याने त्याला त्याच्याविरुद्धच्या पुराव्याबद्दल प्रश्न विचारायचे असतात. ही पायरी घाईत राहून जाते, आणि राहिली की अपिलात पहिला मुद्दा तोच. तुम्ही अधिकारी नाही, पण "सर, अपचाऱ्याचं शेवटचं प्रश्नोत्तर बाकी आहे ना?" एवढं हळूच विचारायला काय हरकत आहे? मी विचारते. एका साहेबांनी त्यानंतर मला पुढची तीन प्रकरणं दिली.

भाषेची परीक्षा इथे आहे

नव्या माणसाला वाटतं वेग महत्त्वाचा. वेग येतो हळूहळू. "हो" आणि "नाही" यांनी मात्र मला इतक्या वर्षांनीही घाम फुटतो.

उलटतपासणीत बचाव सहायक विचारतो, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही स्टोअरमध्ये नव्हता?" साक्षीदार म्हणतो, "हो." आता हा कुठला हो? "हो, नव्हतो" की "हो, होतो की"? खोलीत बसलेल्यांना सुरावरून कळतं. कागदावर सूर उमटत नाही. अशा वेळी नुसतं "होय" टाइप करून पुढे जाऊ नका. साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारायचा अधिकार तुम्हाला नाही, म्हणून चौकशी अधिकाऱ्याकडे बघा आणि म्हणा, "साहेब, उत्तर पूर्ण वाक्यात घेऊ का?" ते साक्षीदाराला विचारतील आणि "मी त्या दिवशी स्टोअरमध्ये नव्हतो" असं सरळ वाक्य हाताला लागेल.

याच्याही पुढची अडचण म्हणजे कोर्टाच्या मराठीतलं "हे म्हणणे खरे नाही की". उलटतपासणीत सुचवलेली गोष्ट साक्षीदाराने नाकारली की वाक्य असं उतरतं: "हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी हजर नव्हतो." दोन नकार. दुपारी जेवणानंतर, पंख्याखाली, त्यातला एक नकार कधी गळतो ते कळतही नाही.

माझा गळला होता. साक्षीदार म्हणाला, "मी रजिस्टर पाहिलं नाही." मी टाइप केलं, "मी रजिस्टर पाहिले." पुढच्याच वाक्यात तो रजिस्टरमधल्या नोंदीबद्दल बोलत होता, त्यामुळे वाचताना कुणालाच खटकलं नाही. सह्या झाल्या. प्रती वाटल्या. तिसऱ्या दिवशी बचाव सहायकाचा फोन आला. ते निवृत्त हेडक्लार्क होते, घरी बसून भिंग घेऊन जबाब वाचणारे. रागावले नाहीत. "ताई, एक नाही कमी आहे" एवढंच म्हणाले. पुढच्या तारखेला चौकशी अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंसमोर वही मागितली. वहीत "नाही" होतं. रोजनाम्यावर नोंद करून दुरुस्ती झाली. त्या दिवशी वही नसती, मी थेट टाइप केलं असतं, तर साक्षीदाराने जबाब फिरवला असं खात्याने म्हटलं असतं आणि मला काही बोलता आलं नसतं. तेव्हापासून मी जबाब वाचून दाखवताना प्रत्येक "नाही"वर थांबते, साक्षीदाराकडे बघते आणि मगच पुढे जाते. लोकांना विचित्र वाटतं. वाटू दे.

"परवा" हा शब्द दिसला की तारीख विचारून घ्यायला लावा. मराठीत परवा मागेही असतो आणि पुढेही. आकडे ऐकताना पावणेतीनशे म्हणजे 275, सव्वाशे म्हणजे 125. बोलताना सगळ्यांना येतात, घाईत लिहिताना पावणेचे साडे होतात. रक्कम नेहमी आकड्यात आणि अक्षरी, दोन्ही. "मोठे साहेब", "मॅडम", "बाबू" असे उल्लेख आले की ते तसेच ठेवा आणि पुढे "म्हणजे कार्यकारी अभियंता, असे साक्षीदार सांगतो" अशी नोंद चौकशी अधिकाऱ्यांकडून घ्या.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. साक्षीदार शिपाई आहे, अलिबागकडचा. तो म्हणतो, "साहेब बोलले, म्हणून मी सही मारली." चौकशी अधिकारी डिक्टेट करतात, "वरिष्ठांच्या तोंडी आदेशानुसार मी स्वाक्षरी केली." वाक्य झालं देखणं, पण "बोलले"चा "आदेश" झाला. मुंबईत कुणी काय बोलतं आणि कुणी काय आदेश देतं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि त्या फरकावर कुणाची तरी नोकरी टांगलेली असते. तुम्ही काय करायचं? जबाब चौकशी अधिकाऱ्याचा असतो, त्यांचं डिक्टेशन बदलायचा हक्क तुम्हाला नाही. पण वहीत साक्षीदाराचे मूळ शब्द घ्या, आणि वाचून दाखवताना ते वाक्य सावकाश, मोठ्याने, त्याला कळेल असं वाचा. नव्वद टक्के वेळा तो स्वतःच म्हणतो, "आदेश नाय हो, असंच बोलले." मग साहेबच दुरुस्त करतात. बोली भाषा शुद्ध करायचा मोह शाळेत बाईंनी लावलेला असतो. तो मोह खोलीच्या बाहेर ठेवून या.

हे सगळं इतकं ताणून का सांगते? 2008 मध्ये रूपसिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विभागीय चौकशी ही अर्धन्यायिक, म्हणजे बरीचशी न्यायालयासारखी, असते आणि नुसती कागदपत्रं समोर ठेवली म्हणजे आरोप सिद्ध झाला असं होत नाही, साक्षीदाराने ती शाबीत करावी लागतात. म्हणजे त्या कोंदट खोलीत साक्षीदार कागदाबद्दल जी दोन वाक्यं बोलतो, ती उतरली नाहीत तर फाइलमधला तो जाडजूड गठ्ठा वर गेल्यावर पोकळ ठरू शकतो.

रेकॉर्डिंग, मोबाइल, आणि बोलून टाइप होणं

मोबाइलमध्ये बोललेलं आपोआप टाइप होतं, मग वही कशाला? मी ते वापरून पाहिलंय. एकटा माणूस, शांत खोली, पुस्तकी मराठी असेल तर बरं निघतं. चार माणसं, पंखा, खिडकीखाली हॉर्न आणि मध्येच मालवणी असेल तर जे निघतं ते निस्तरायला नव्याने टाइप करण्याएवढाच वेळ जातो. त्याहून मोठा प्रश्न असा की त्या सुविधेत तुम्ही बोललेलं बऱ्याचदा कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर जातं. एखाद्याच्या चौकशीचा जबाब तिथे पाठवायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? ऑडिओ रेकॉर्डिंगचंही तसंच. चौकशी अधिकाऱ्याने परवानगी दिली आणि ती रोजनाम्यावर आली तरच, नाहीतर फोन बॅगेत.

लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी असेल तर आणखी जपायचं. 2013 च्या कायद्याच्या कलम 16 प्रमाणे तक्रारीतला मजकूर, पीडितेची, आरोपीची किंवा साक्षीदारांची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे. लोकलमध्ये मैत्रिणीला "आज काय झालं माहितीये का" म्हणणं हेसुद्धा नको. फर्स्ट क्लासच्या लेडीज डब्यात अर्धं मंत्रालय बसलेलं असतं.

पैसे

मी इथे दर सांगत नाही, कारण पानाचा दर, बैठकीचा दर आणि प्रकरणाचा ठोक दर या तीन गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत की एक आकडा सांगून तुमची दिशाभूल होईल. पण पहिल्याच फोनवर दोन प्रश्न विचारा: पैसे कोण देणार, आणि साक्षीदार आलाच नाही तर काय? चौकशी अधिकारी स्वतःच्या मानधनातून देणार असतील तर हातात लवकर मिळतात. कार्यालय देणार असेल तर दरपत्रक, बिल, मंजुरी असा प्रवास, आणि मार्चअखेर गाठली नाही तर पुढचं वर्ष. तारीख वाया जाणं हा या धंद्याचा नियमच आहे, म्हणून येण्याजाण्याचे आणि अर्ध्या बैठकीचे पैसे आधी ठरवून घ्या. मी सुरुवातीला संकोच केला आणि एका कार्यालयाच्या पाच कोऱ्या तारखा पदरमोड करून केल्या.

पानाच्या दराने काम घेतलं तर पान म्हणजे काय तेही ठरवा. दुप्पट ओळींचं अंतर की दीडपट, अक्षर केवढं. वेळेचा हिशेबही लक्षात ठेवा: शॉर्टहँडमध्ये मिनिटाला 100 शब्दांनी अर्धा तास घेतलं तर 3,000 शब्द होतात. मराठी 40 च्या वेगाने ते नुसते टाइप करायला 75 मिनिटं, तपासणी वेगळी. घरी जाऊन "उद्या देते" म्हणताना हा हिशेब मनात असू द्या. कार्यालय टीडीएस कापू शकतं. पॅन द्या, प्रमाणपत्र मागून घ्या.

वहीचं काय करायचं

प्रत्येक प्रकरणाला वेगळी वही. पहिल्या पानावर प्रकरणाचा क्रमांक आणि नेमणुकीची तारीख, प्रत्येक बैठकीच्या शेवटी आडवी रेघ, तारीख आणि चौकशी अधिकाऱ्याची छोटी सही. चौकशी संपली की वही कुणाची यावर मतभेद आहेत. काही साहेब म्हणतात तुझ्याकडेच ठेव. मी ठेवत नाही. पन्नास माणसांच्या नोकऱ्यांचे तपशील माझ्या घरातल्या लोखंडी कपाटात कशाला? वर मुदती सांगितल्या त्या इथे कामाला येतात: अपिलाचे 45 दिवस, मॅटचं एक वर्ष, मध्ये सहा महिने. म्हणजे वहीची गरज दोन वर्षांनीही पडू शकते, आणि तेव्हा ती फाइलसोबत असायला हवी. म्हणून अहवाल सादर झाला की वही बंद पाकिटात चौकशी अधिकाऱ्यांना देते, लॅपटॉपमधली फाइल त्यांच्या समोर काढून टाकते आणि एका ओळीची पोच घेते. पोचेवर वहीची पानं किती ते लिहून घ्या. आणि पुढच्या प्रकरणाला नवी वही आणा. जुनीत वीस पानं कोरी राहिली असली तरी ती फाडून घेऊ नका.